साळवेबाईंचा गुरुवार

साळवेबाईंच्या भावाला मी पत्र लिहिलं. बाईंना न विचारता लिहिलं, सरकारी भाषेत लिहिलं आणि खाली सही ठोकली. चूक एवढीच. माझ्या बाकीच्या चुका मी चारचौघांत रंगवून सांगतो. लोक हसतात, वर चहाही पाजतात. ही एक सांगायला घेतली की समोरचा माणूस कप खाली ठेवतो. पण साळवेबाईंबद्दल लिहायचं तर ती टाळून पुढं जाता येत नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला.

चौऱ्याहत्तर साली मी सटाण्याकडून नाशकात आलो आणि एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटलो. वय तेवीस, आणि राहायला रविवार कारंजाजवळच्या गल्लीत जिन्याखालची खोली. घरी आम्ही अकरा माणसं. झोपेत कूस बदलली तरी कुणाच्या तरी अंगावर हात पडायचा. निघताना आईनं विचारलं होतं, ‘येकला ऱ्हाशी का रे भाऊ?’ मी मिशीवरून हात फिरवून म्हणालो होतो, ‘त्यात काय!’ मिशी विरळ होती. तिच्या जिवावर एवढं बोलायला नको होतं.

सोमवार ते शनिवार कचेरी असायची. रविवारी मी संपायचो. सकाळी दहापर्यंत लोळायचं, मग खाटेवर बसून डोक्यावरच्या जिन्यातून जाणाऱ्या चपला ऐकायच्या, दुपारी दोन केळी उभ्यानंच खायची आणि संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन सटाण्याची गाडी सुटताना बघायची. जायचं नसायचं. नुसती बघायची. असाच एका सोमवारी कचेरीत शिरलो, तर बारनिशीच्या टेबलामागून आवाज आला.

‘देवरे, काल रविवार अंगावर आला वाटतं?’

बारनिशी म्हणजे आमच्याकडे टपालाची आवक-जावक. येणारं प्रत्येक पाकीट तिथं फुटायचं, शिक्का खायचं आणि नोंदवहीत चढायचं. जाणारंही तिथूनच जायचं. ते टेबल वत्सला साळवे यांचं. चाळिशीच्या, उंच, सावळ्या, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, मनगटावर पुरुषी थाटाचं मोठं घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं. एकट्या राहत. त्या काळात आमच्या कचेरीत एवढ्या दोन वाक्यांवर अख्खी मधली सुट्टी निघायची.

‘नाही बाई, जरा सर्दी झालीय,’ मी म्हणालो.

‘असेल.’ त्यांनी पुढच्या पाकिटावर शिक्का मारला. त्यांचा शिक्का कधी तिरका पडायचा नाही. ‘काय खाल्लंत काल?’

‘केळी.’

‘बसून का उभ्यानं?’

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. ‘उभ्यानं,’ मी म्हणालो.

‘तिथंच चुकलं.’

मग त्यांनी मला रविवार शिकवला. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता, नव्या माणसाला टपालाची वर्गवारी शिकवावी तसा. रविवारी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी उठायचं, उशिरा उठलेल्या माणसाच्या हाती दिवस लागत नाही. एक काम असं काढायचं की दुपारपर्यंत ते संपलेलं डोळ्यांना दिसेल. मटार सोलायचे, चादर धुवायची, चपला शिवून आणायच्या. पुस्तक वाचीन म्हणायचं नाही, ते अर्ध्यात राहतं आणि वर अपराधी वाटतं. जेवताना खाली बसायचं, ताट घ्यायचं, ताटात मीठ वाढायचं. पातेल्यातून खायचं नाही.

‘आणि आग्रह करायचा,’ त्या म्हणाल्या.

‘कुणाला?’

‘कुणाला म्हणजे? जेवायला कोण बसलंय?’

पुढच्या रविवारी मी खिचडी केली. खाली लागली आणि वर कच्ची राहिली, हे एकाच पातेल्यात कसं जमलं ते मला अजून कळलेलं नाही. तरी ताट मांडलं, मीठ वाढलं आणि मोठ्यानं म्हणालो, ‘घ्या देवरे, अजून थोडी घ्या.’ मग माझं मीच, ‘नको नको, पुरे.’ ‘पुरे कसं, घ्यायलाच पाहिजे. लाजू नका.’ वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरत होत्या. माझ्याकडे पाहुणा आलाय असं समजून बिचारीनं दोन वाट्या आमटी आणून दिली, आणि आत डोकावून पाहुणा शोधला. सोमवारी हे सांगितलं तेव्हा बाई टेबलावर हात ठेवून हसल्या. हसून झाल्यावर विचारलं, ‘दुसरी वाटी कुणी खाल्ली?’

‘मीच.’

‘मग आलाच होता की पाहुणा.’

बाईंच्या खणात एक पत्र्याची डबी असायची, खडीसाखरेची. साहेब त्यांना कधीमधी आत बोलावून झाडायचे, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या चुकीवरून. बाहेर आल्या की कुणाशी एक शब्द बोलायच्या नाहीत. खण उघडायचा, एक खडा तोंडात टाकायचा, खण लावायचा, पुढचं पाकीट घ्यायचं. आणि महिनाअखेरीस नोंदवह्या जुळल्या की अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणायच्या, ‘शाब्बास वत्सला.’

हे मी ऐकलं. आणि ऐकलेलं पोटात ठेवण्याची विद्या मला कुणी शिकवली नव्हती. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी बाईंची नक्कल केली. फार झकास झाली, असं सगळ्यांचं मत पडलं. आठवड्याभरात अख्खी कचेरी शिक्का मारताना ‘शाब्बास वत्सला’ म्हणायला लागली. एक दिवस बाई सरळ माझ्या टेबलापाशी आल्या.

‘देवरे, तुम्हाला शेवटचं शाब्बास कुणी म्हटलं होतं?’

मी डोकं खाजवलं. चौथीतल्या गुरुजींच्या अलीकडचं कुणी आठवेना, तसं सांगितलं.

‘म्हणजे तेरा वर्षं झाली,’ त्या म्हणाल्या. ‘नक्कल चांगली करता असं ऐकलं. आता घरी जाऊन स्वतःच्या नावानं करून बघा.’

केली. ‘शाब्बास भास्कर’ म्हणालो, आणि पुढचा आवाज कुणी ऐकू नये म्हणून स्टोव्हला जोरजोरात पंप मारत बसलो.

बाईंची खोली शरणपूरच्या पलीकडे होती, जिथून तेव्हा द्राक्षांचे मळे सुरू व्हायचे. मागच्या अंगणात उघडणारी, स्वतंत्र दाराची. ती मिळवायला त्यांना पावणेदोन वर्षं लागली होती. घरमालक लोक आधी आडनाव विचारत. साळवे म्हटलं की खोली कालच गेलेली असायची. एखादा त्यातून पुढं सरकलाच तर विचारायचा, मिस्टर कुठं असतात? मिस्टर नाहीत म्हटलं की त्याला बायकोची आतून हाक यायची. ‘बौद्ध, बाई आणि एकटी,’ बाई म्हणायच्या, ‘यातलं एखादंच असतं तरी लवकर मिळाली असती.’ शेवटी रेल्वेतून निवृत्त झालेले एक म्हातारे भेटले, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की दिवा रात्री किती वाजता मालवता. मला माझी जिन्याखालची खोली आडनाव सांगताच मिळाली होती, आणि वर मी मालकावर नाराज होतो.

पंचाहत्तरच्या श्रावणात बाई दोन दिवस आल्या नाहीत. सहीचा एक कागद अडला होता, तो घेऊन मी गेलो. दार उघडलं ते घोंगडी पांघरलेल्या बाईंनीच. ताप फणफणत होता. भिंतीवर खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली. ‘तेवढा थर्मामीटर द्या त्यातला,’ त्या म्हणाल्या. पिशवीत थर्मामीटर, गोळ्यांची पट्टी, ग्लुकोजचा डबा, बिस्किटांचा पुडा आणि एक चौघडी घातलेला कागद होता. कागद हातात आला आणि उघडला गेला. उघडला गेला असं मी म्हणतो; उघडला.

‘वत्सला, ताप आला की तुला वाटतं आपलं कुणी नाही. ते ताप बोलतो, तू नाहीस. तिसऱ्या दिवशी उतरेल. मीठ-साखरेचं पाणी घेत राहा. मालकिणीकडं मऊ भात माग, लाजू नकोस. दादाला कळवू नकोस.’

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

‘वाचलंत?’ बाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

‘हो.’

‘मग ठेवा परत जागेवर. तापात डोकं चालत नाही, म्हणून चालत होतं तेव्हाच सांगून ठेवलंय.’

थोड्या वेळानं त्या आपणहून बोलल्या, ताप असल्यामुळंच बोलल्या असतील. दादा म्हणजे थोरला भाऊ, घोटीला प्राथमिक शाळेत मास्तर. आई-वडील लवकर गेले. वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत बाई त्याच्या घरी होत्या, त्याची चार पोरं त्यांच्या मांडीवर वाढली, आणि पोरांच्याच पुस्तकांवर अभ्यास करून त्या मॅट्रिक झाल्या. ‘दादा वाईट नाही हो,’ त्या म्हणाल्या. ‘मारलं नाही कधी, उपाशी ठेवलं नाही. पण त्या घरात मला लावून घ्यायला दार नव्हतं. एकदा परत गेले ना, तर पुन्हा निघायची ताकद माझ्यात नाही.’

हे सगळं मला ठाऊक होतं, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

पुढच्या जानेवारीतली गोष्ट. गुरुवार होता. सटाण्याहून आईनं पाठवलेली बाजरी बाईंना द्यावी म्हणून संध्याकाळी सहाच्या सुमारास गेलो. अंगणात शिरलो तर दाराआडून रडणं ऐकू आलं. डोळे पुसत, नाक ओढत चाललेलं रडणं नव्हे. माणूस गेलेल्या घरात असतं तसं, मोकळ्या गळ्यानं. मी बाजरी तिथंच पायरीवर ठेवली आणि पळालो. दुसऱ्या दिवशी बाई कचेरीत आल्या त्या धुतल्यासारख्या टवटवीत. ‘बाजरी कुणी ठेवली हो? छान आहे,’ म्हणाल्या आणि धडाधड शिक्के मारायला बसल्या.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेलो, या वेळी मुद्दाम. सहाला रडणं सुरू. तसंच.

माझा तर्क असा चालला : जी बाई आदल्या दिवशी इतकी रडते आणि दुसऱ्या दिवशी इतकी ताजीतवानी दिसते, तिच्या डोक्यात नक्की काहीतरी बिघडलंय. नुसती रडकी राहिली असती तर मी सोडून दिलं असतं. दार वाजवून ‘बाई, काय झालं’ असं विचारायचं मला सुचलं नाही. तिचं कुणीतरी माणूस हवं, असं सुचलं. मी आस्थापनेच्या टेबलावर होतो, सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात. वारसाच्या रकान्यात भावाचा पत्ता होता.

पत्र लिहायला बसलो, आणि लक्षात आलं की दोन वर्षांत मला एकाच प्रकारचं मराठी येऊ लागलंय. ‘विषय : आपल्या भगिनी कु. वत्सला साळवे यांच्या मानसिक प्रकृतीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर कर्मचारी एकट्या राहत असून त्यांची मनःस्थिती ढासळत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही तातडीने व्हावी.’ खाली सही केली, आणि सहीखाली, रोज शंभर कागदांवर लिहायची सवय म्हणून, ‘करिता, कार्यालय प्रमुख’ असं, म्हणजे साहेबांच्या वतीनं, लिहून गेलो; साहेबांना कळतं तर नोकरी गेली असती. कचेरीच्या टपालातून पाठवलं तर बाईंच्याच हातात पडलं असतं, म्हणून स्टँडजवळच्या लाल पेटीत टाकलं. तेवढी अक्कल मला होती.

आणीबाणीचे दिवस. सरकारी कागद आला की माणूस आधी घाबरायचा आणि मग वाचायचा. त्यात मास्तर, म्हणजे स्वतःही सरकारी भाकरीवर. कार्यवाही केली नाही तर आपल्याच अंगावर येईल, या भीतीनं दादा रविवारी सकाळी दोन नातेवाइकांना घेऊन शरणपूरला हजर. मी तिथं नव्हतो. मालकांनी मला नंतर सांगितलं. दादा अंगणातच रडायला लागला. ‘वत्सू, तू एवढी आजारी आणि मला सरकारकडून कळावं?’ बाईंनी कागद मागून घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. अक्षर त्यांनी ओळखलं नसेल असं कसं म्हणू? माझं अक्षर दिवसातून वीस वेळा त्यांच्या हाताखालून जायचं.

त्यांनी काही सांगितलं नाही. शेजारपाजारचे जमले, मालकीण म्हणाली, ‘बाई, आमच्याकडे नको हो असलं काही,’ आणि बाई म्हणाल्या, ‘पंधरा दिवस जाऊन येते. खोली ठेवा माझी.’

पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. दादाकडून रजेचे अर्ज यायचे, वैद्यकीय कारणास्तव. बारनिशीच्या टेबलावर दुसराच माणूस बसायला लागला, त्याचे सगळे शिक्के तिरके. अडीच महिने झाल्यावर मला राहवेना, म्हणून घोटीला गेलो. जाताना पेढे घेतले. कशाबद्दल घेतले, विचारू नका.

ओटीवर तांदूळ पसरलेला, बाई निवडत बसलेल्या. थोरल्या भाच्याची दोन पोरं अंगावर रेललेली, तिसरं पाठीवर. दादा दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं माझं केवढं स्वागत केलं. ‘तुमच्या ऑफिसनं कळवलं म्हणून बरं, नाहीतर आम्हाला काय पत्ता!’ तो म्हणाला. मी चहा घशाखाली उतरवला.

वहिनी आतून बाहेर आल्या. ‘ताई लय खूष हायेत हितं,’ त्या म्हणाल्या. ‘एवढी माणसं हायेत, येकटं वाटायचं नावच नाय. माझं आपरेशन झालं, तर समदं घर त्यांनीच सांभाळलं. आता नाय जायच्या त्या. त्या मालकाला सांगा, ठेऊ नको म्हनावं खोली.’

मी बाईंकडे पाहिलं. त्या तांदळातला खडा शोधत होत्या. मान वर केली नाही.

‘सांगू का बाई?’ मी विचारलं. त्यांच्या भावासमोर, वहिनीसमोर आणि पाठीवरच्या पोरासमोर विचारलं.

बाई काही बोलल्या नाहीत. गप्प बसणं म्हणजे होकार, असा आमच्या कचेरीत नियम होता. मुदतीत हरकत आली नाही की हरकत नाही असं धरायचं. परत आल्याबरोबर मी शरणपूरला गेलो आणि मालकांना निरोप दिला. त्यांनी दोनदा विचारलं, ‘बाई स्वतः म्हणाल्या?’ मी दोनदा हो म्हणालो. आठवड्यात तिथं एक नवरा-बायको राहायला आले. कचेरीत मी सगळ्यांना सांगत सुटलो, बाई आनंदात आहेत, भरलं घर आहे.

जूनमध्ये बाई एका सकाळी साडेदहाला कचेरीत उभ्या. हातात एक ट्रंक. घोटीहून पहाटेच्या गाडीनं, कुणालाही न सांगता आलेल्या. आल्या त्या शरणपूरलाच गेल्या होत्या. तिथं दुसऱ्याच बाईनं दार उघडलं.

वैद्यकीय रजेवरून परत येणाऱ्याला कामावर घेताना डॉक्टरचा दाखला लागतो. बाईंना डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आणावा लागला. तो त्यांच्या सेवापुस्तकात चिकटवायचं काम माझं. डिंक लावला आणि दाखला तिरका बसला. अजून तसाच असेल.

पुन्हा खोली शोधणं आलं. पुन्हा आडनाव, पुन्हा मिस्टर, आणि या वेळी शरणपूरहून पसरलेली बातमी की बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला होता, सरकारचं पत्र आलं होतं. शेवटी नाशिकरोडच्या बाजूला एक जागा मिळाली. एका मोठ्या खोलीचे फळ्या ठोकून तीन भाग केलेले, त्यातला मधला. डावीकडे कुणी खोकलं की उजवीकडच्याची झोप मोडायची.

दोन महिने मी हिंमत गोळा केली आणि एका संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. ‘बाई, ते पत्र...’

‘अक्षर माहिती आहे मला तुमचं.’

‘मी घाबरलो होतो. तुम्ही रडत होतात. दोन्ही गुरुवारी.’

तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं पाकीट भलत्याच कचेरीचं आपल्याकडे यावं आणि आता त्याचं काय करायचं, तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

‘गुरुवारी सहा ते साडेसहा मी रडायची,’ त्या म्हणाल्या. ‘सहा वर्षं रडत होते. मालक-मालकीण गुरुवारी दत्ताच्या देवळात जायचे, घर रिकामं असायचं. आठवडाभर जे काही साचेल, कुणी काय बोललं, कुणी हसलं, साहेब ओरडले, ते गुरुवारवर टाकायचं. आत्ता नाही वत्सला, गुरुवारी. आणि गुरुवारी दार लावून सगळं काढायचं. साडेसहाला तोंड धुवायचं, चहा टाकायचा. घड्याळ कशाला बांधते मी एवढं मोठं?’

मी त्या घड्याळाकडे बघितलं.

‘शिकवणार होते तुम्हालाही,’ त्या म्हणाल्या. ‘रविवार जमायला लागला की मग.’

‘घोटीला काय करायचात?’

‘घोटीला?’ त्या हसल्या, पण ते आमटीच्या वाटीवरचं हसू नव्हतं. ‘तिथं डोळ्यात पाणी आलं की तीन माणसं विचारायला. वहिनी म्हणायची, काय कमी हाय ताई? दादा कागद काढून दाखवायचा, बघ, सरकारनं लिहिलंय. पाच महिन्यांत एकदाही रडले नाही मी. आणि आता इथं फळ्या आहेत.’

‘मग आता कसं करता?’

‘येत नाही आता,’ त्या म्हणाल्या आणि खण लावला. खणात डबी नव्हती. मी बघितलं.

त्यानंतर सात वर्षं आम्ही एकाच कचेरीत होतो. बाईंनी माझ्याशी अबोला धरला नाही, धरला असता तर बरं झालं असतं. ‘देवरे, हे घ्या,’ ‘देवरे, याची पोच द्या,’ एवढंच. ओरडा खाऊन बाहेर आल्या की तशाच बसून राहायच्या. महिनाअखेरीस वह्या जुळल्या की वही मिटायच्या, ओठ हलायचे नाहीत. कुठल्याशा लहान गोष्टीवरून शिपायाच्या अंगावर जायला लागल्या. नवीन आलेल्या मुली त्यांना टाळायच्या. म्हणायच्या, एकटी बाई आहे ना, म्हणून अशी तिरसट. मी ऐकायचो. आधी अशी नव्हती, असं सांगायचं तर का बदलली हेही सांगावं लागलं असतं. मधल्या काळात मी लग्न करून टाकलं. बायको हुशार आहे, पहिल्याच वर्षी म्हणाली, ‘तुम्ही मला पसंत केलं नाहीत, रविवारला घाबरून आणलंत.’ खोटं नव्हतं.

त्र्याऐंशी साली बाईंच्या बदलीचा हुकूम आला, निफाडला. मी तोवर वरिष्ठ लिपिक झालो होतो, साहेबांशी बोलायची ऐपत आली होती. ‘बाई, काळजी करू नका, रद्द करून घेतो,’ मी म्हणालो आणि साहेबांच्या दाराकडे निघालोही.

‘देवरे!’ अख्खी कचेरी वळली, एवढ्या मोठ्यानं. ‘मागून घेतलीय मी बदली. दोन वर्षं खेटे घालून. क्वार्टर आहे तिथं, दोन खोल्यांचं. विटांच्या भिंती आहेत. तुम्ही बसा.’

मी बसलो. पण बसून राहील तर तो मी कसला? त्या निघाल्या त्या दिवशी न सांगता स्टँडवर जाऊन उभा राहिलो. सामान काय, दोन ट्रंका, एक वळकटी, एक स्टोव्ह. नको नको म्हणत असताना ट्रंका टपावर चढवल्या, दोर नीट बांधला, खिडकीजवळची जागा रुमाल टाकून धरली. बाई गाडीत बसल्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. सात वर्षांत पहिल्यांदा चेहरा जरा सैल दिसत होता, निफाडला पोचायच्या आधीच मनानं त्या दाराला आतून कडी घालून बसल्यासारखा. मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटल्यावर गप्प राहावं की नाही? कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालणार, तेवढ्यात मी खालूनच ओरडलो, ‘मास्तर, या बाई एकट्याच आहेत हं! जरा लक्ष असू द्या!’

अख्ख्या गाडीनं वळून बाईंकडे पाहिलं. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं तर लगेच विचारलं, ‘येकट्याच? घरी कुनी नाय व्हय?’

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, येते म्हणतील.

‘देवरे, तुम्ही वाईट माणूस असता ना,’ त्या म्हणाल्या, ‘तर तेव्हाच तो कागद घेऊन मी साहेबांकडे गेले असते, आणि माझं घर वाचलं असतं.’